हॅस्किन्स हिलवरचा बंब

माझे भावजी श्रीरंग उकिडवे व्हरमाँट राज्यातल्या एका डोंगराच्या माथ्यावर राहतात, आणि गेली सोळा वर्षं रोज सकाळी साडेसहाला तांब्याचा बंब पेटवून आंघोळ करतात. उन्हाळ्यातसुद्धा. नळ फिरवला की गरम पाणी येतं हे त्यांना माहीत नाही असं नाही. एकतीस वर्षं राज्याच्या रस्तेखात्यात पूल बांधलेला माणूस आहे तो. पण नळाच्या पाण्याने अंग भिजतं, आंघोळ होत नाही, असं त्यांचं मत आहे. आणि भावजींचं एकदा मत झालं की ब्रह्मदेव आला तरी ते हलत नाही.

मी ऋता, त्यांची मेहुणी. त्यांची बायको दीपा माझी मोठी बहीण. आम्ही दोघी साताऱ्याच्या. ती गोड बोलणारी, मी फटकळ. मी राहते अ‍ॅशबर्नला, म्हणजे जिथे डेटा सेंटरांच्या नावाखाली माणसांपेक्षा कॉम्प्युटरांना मोठी घरं बांधून देतात तिथे. एकोणीस वर्षं एकाच गल्लीत काढली, पण शेजारच्या माणसाचं नाव मला अजून पाठ नाही, त्याच्या कुत्र्याचं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी हॅस्किन्स हिलचं कौतुक करणार आहे आणि ते कुठल्या तोंडाने करते आहे हे कळलेलं बरं.

हॅस्किन्स हिल हे गाव म्हणावं तर गाव. माथ्यावर पांढरं चर्च, शेजारी पांढरा टाउन हॉल, एक दुकान, दुकानातच पोस्टाच्या पेट्या, आणि चारी बाजूंच्या उतारांवर विखुरलेली घरं. मतदार यादीत एकशे बारा नावं. डांबरी रस्ता खाली ओढ्यापाशी संपतो. तिथून वर दीड मैल कच्चा रस्ता. थंडीत तो दगडासारखा घट्ट असतो. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळला की त्याचा असा चिखल होतो की गाडी आसापर्यंत रुतते. त्या दिवसांना तिथे वेगळा ऋतूच मानतात, चिखलाचा ऋतू.

माणसं घुमी. समोरून गाडी आली तर स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतात, झाला नमस्कार. कुणी कुणाच्या दारात 'कसं काय' विचारत जात नाही. पण ऑगस्टमध्ये गाडी कुलूप न लावता ठेवा. परत येईपर्यंत मागच्या सीटवर कुणीतरी ढीगभर झुकिनी टाकून गेलेलं असतं. काकडीसारखी दिसणारी ती पाणचट भाजी त्या दिवसांत सगळ्यांच्याच बागेत उतू जात असते. थंडीत सकाळी दार उघडावं तर रस्त्यापर्यंतचा बर्फ आधीच बाजूला सारलेला. कुणी केलं? कळत नाही. विचारत सुटलात तर माणसं अवघडून आभाळाकडे बघतात. दीपाताई म्हणायची, या गावात उपकार करतात चोरी केल्यासारखे.

आता बंबाविषयी. तो मूळचा आमच्या माहेरचा. १९९१ साली आमच्या वडिलांनी गिझर बसवला आणि बंब भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला. भावजी तेव्हा सुट्टीवर आलेले. त्यांनी तो हातगाडीवरून उतरवला, चिंचेने लखलखीत घासला आणि विमानाच्या सामानात घालून अमेरिकेत आणला. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने मधली नळी, खालची जाळी, तोटी, सगळं सुटं करायला लावलं आणि विचारलं, यात काय तयार होतं? भावजी म्हणाले, गरम पाणी. आणखी काय? आणखी काही नाही. अर्धा तास तो माणूस बंबाभोवती फिरला म्हणे. पुढची अठरा वर्षं बंब त्यांच्या उपनगरातल्या गॅरेजमध्ये पडून राहिला, कारण तिथल्या सोसायटीच्या नियमात धूर बसत नव्हता. निवृत्त झाल्यावर ताईला बाग हवी होती आणि भावजींना बंब पेटवायचा होता. म्हणून डोंगर.

पहिल्याच जुलैत गंमत झाली. मागच्या पडवीतून धूर येतोय म्हणून कुणीतरी आगीच्या बंबवाल्यांना फोन केला. आगवाले म्हणजे गावचेच लोक, ट्रॅक्टर सोडून, पेंढ्या टाकून आलेले. लाल गाडी दारात, आठ माणसं पाइप घेऊन पडवीत, आणि आत भावजी पंचा नेसून, तांब्या हातात घेऊन उभे. ताईने आठांनाही आल्याचा चहा पाजला. सात जण चहा पिऊन गेले. आठवा मागे राहिला. त्याचं नाव हार्लन. समोरच्या उतारावर, दरीपलीकडे त्याचं घर. एकटाच राहणारा, लग्न न केलेला. मेपलच्या झाडांचा रस आटवून त्याचा पाक करणं हा त्याचा पिढीजात धंदा. सगळी हयात पाणी तापवण्यात गेलेली, त्यामुळे पोटातून विस्तव आणि भोवतीने पाणी ही बंबाची युक्ती त्याला लगेच उमगली. तो खाली बसून जाळीतून वर बराच वेळ बघत राहिला. आठ दिवसांनी पत्र्याचं धुराडं स्वतः बनवून घेऊन आला आणि छपरातून वर काढून बसवून गेला.

तिथून त्या दोघांची दहा वर्षांची मैत्री. मैत्री म्हणजे काय, तर संध्याकाळी व्हरांड्यात दोन खुर्च्या. ताईने एकदा विचारलं होतं, तुम्ही दोघं तासभर करता तरी काय? भावजी म्हणाले, बसतो.

आठ वर्षांपूर्वी ताई गेली. मी तेव्हा तीन आठवडे तिथे होते. निरोपाच्या दिवशी हॉल भरला, मग पायऱ्या भरल्या, मग लोक बाहेर थंडीत उभे राहिले. कुणी भाषण केलं नाही. पुढे दोन महिने पायरीवर रोज झाकलेलं जेवण येऊन पडत होतं आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असे, परत कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून. मी स्वतःला बजावून गेले होते की भावजींसमोर रडायचं नाही. पण ती भांडी घासताना, ती परक्या लोकांची नावं बोटाखाली आली आणि मी सिंकपाशीच हमसून हमसून रडले. माझ्या बहिणीला इतकी माणसं होती हे मला माहीत नव्हतं.

यानंतर दोन वर्षांनी भावजींनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिथे टाउन मीटिंग असते. आपली ग्रामसभाच, फक्त ही खरोखर भरते. गावातली सगळी माणसं लाकडी बाकांवर बसतात, रस्त्यापासून शाळेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर हात वर करून मत देतात. बोलणारा उठतो, दोन वाक्यं बोलतो, बसतो. त्या वर्षी भावजींनी ठराव मांडला की दीड मैलाच्या कच्च्या रस्त्यावर डांबर टाकावं. ठराव योग्यच होता. पण भावजी प्रोजेक्टर घेऊन गेले. सेहेचाळीस स्लाइड. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात आलेला माणूस जेव्हा बरोबर असतो, तेव्हा तो किती बरोबर आहे हे लोकांना पूर्ण समजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चाळीस मिनिटं ते पावसाचं, बर्फाचं, चढाचं गणित सांगत राहिले. एकोणिसाव्या स्लाइडवर रस्त्याचा छेद दाखवून म्हणाले, हा रस्ता ज्याने आखला त्याने पाणी उतारावरून कसं वाहतं हे जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

हार्लन उठला. "माझ्या आजोबांनी पाहिलं होतं," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

तो रस्ता हार्लनच्या आजोबांनी बैल लावून काढलेला होता. गावात सगळ्यांना हे ठाऊक, भावजींना सोडून. ठरावाच्या विरुद्ध एकाहत्तर हात, बाजूने नऊ. नवातला एक हात भावजींचा स्वतःचा. त्याच संध्याकाळी समोर जाऊन दोन शब्द बोलले असते तर प्रकरण मिटलं असतं. मी फोनवर कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण नाही. त्यांचं म्हणणं, आजोबांचा अपमान करायचा हेतू नव्हता हे खरं, पण पाणी चुकीच्या बाजूला जातं हेही खरंच आहे, मग माफी कशाची मागायची? हार्लनही त्याच लाकडाचा. खुर्च्यांपैकी एक रिकामी राहायला लागली. सहा वर्षं अबोला. रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या तर स्टिअरिंगवरचं ते एक बोटसुद्धा नाही.

आता माझ्या मनात भावजींविषयी जो आदर आहे तो कशामुळे, ते सांगते. ठराव हरल्यानंतरच्या एप्रिलमध्ये ते फावडं घेऊन त्या रस्त्यावर उतरले. रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या आहेत, अकरा. हिवाळ्यात त्यांची तोंडं पानांनी आणि दगडांनी बुजतात, मग पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रस्ता खचतो. भावजींनी एकेक मोरी मोकळी केली. तेव्हापासून दर वर्षी करतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारत नाही. मी म्हटलं, ज्या रस्त्यावरून गावाने तुम्हाला तोंडघशी पाडलं त्याचीच चाकरी करताय? ते म्हणाले, गावाने रस्ता कच्चा ठेवायचं ठरवलंय, तर आता कच्चा रस्ता नीट राहिला पाहिजे. सातव्या क्रमांकाची मोरी हार्लनच्या फाटकासमोर आहे. तीही. मी आयुष्यात पुष्कळ हरलेली माणसं पाहिली, पण हरल्यानंतर जिंकणाऱ्याच्या निर्णयाची इतकी मनापासून निगा राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

या जानेवारीत ते पडले. वय सत्त्याहत्तर. संध्याकाळी बंबासाठी बारीक लाकडं आणि पाइनची बोंडं टोपलीत भरून आणत होते, पायरीवरच्या बर्फावरून घसरले. बरगडीला चीर गेली. स्वतःच उठले, स्वतःच आत गेले, कुणाला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर हसताना त्यांनी छातीला हात लावला आणि त्यांच्या मुलाने ते बरोबर टिपलं.

मुलगा म्हणजे सौमित्र. चव्वेचाळीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, टेक्ससमध्ये प्लेनोला मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगा गुणाचा आहे. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला खपणार नाही. त्याने घरात तळमजल्यावर वडिलांसाठी खोली करून ठेवली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे लावले आहेत. बाप दीड हजार मैलांवर एकटा बर्फात पडतो आणि तीन आठवडे सांगत नाही, तर मुलाने काय करावं? त्याने थेट विचारलं, तुमच्याकडे रोज लक्ष ठेवणारं तिथे कुणी आहे का? नसेल तर मी न्यायला येतो.

भावजी म्हणाले, आहे की. हार्लन. रोज न चुकता.

सौमित्रला बरं वाटलं. हार्लनकाका त्याला आठवत होते. अबोल्याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने सांगितलं, मे महिन्यात मी येतो, हार्लनना भेटून थँक्स म्हणतो, आणि ती लाकडं, ती घर तापवायची शेगडी, तो बंब, सगळं बंद करून घरात इलेक्ट्रिकचं बसवून देतो. हार्लन आहेत आणि लाकडं उचलायची नाहीत, तर राहा. नाहीतर प्लेनो.

एप्रिलमध्ये भावजींचा मला फोन आला. "ऋता, एक घोटाळा झालाय," म्हणाले आणि सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "अहो भावजी, खोटं बोलायचंच होतं तर निदान बोलत्या माणसाचं नाव घ्यायचं."

ते म्हणाले, "दुसरं नाव सुचलंच नाही गं."

मग मी विचारलं, प्लेनोला जायला एवढं काय वाईट आहे? मुलगा आहे, सून आहे, हवा गरम आहे. ते म्हणाले, "चांगलं ठेवतील गं मला, प्रश्नच नाही. पण तिथे मी सौमित्रचे बाबा असेन, बास. इथे एकाहत्तर माणसांनी माझ्याविरुद्ध हात वर केले. माझ्याविरुद्ध, ऋता. प्लेनोत माझ्याविरुद्ध कोण हात वर करणार आहे?"

मी सांगितलं, उद्या सकाळी समोर जा आणि त्या म्हाताऱ्याची माफी मागा. ते म्हणाले, आता गेलो तर गरजेपोटी आलो असं त्याला वाटेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. शेवटी मी एवढं कबूल केलं की सौमित्रबरोबर मीही येते. मी होऊन काही सांगणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

मेच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पोचलो. सौमित्रने हार्लनसाठी टेक्ससचे पेकन, म्हणजे तिकडचा अक्रोडासारखा सुकामेवा, आणले होते, सुंदर डब्यात. संध्याकाळीच समोर जाऊन येतो म्हणाला. भावजी म्हणाले, आता नको, तो लवकर जेवतो. सकाळी? सकाळी तो झाडांत असतो. मी कोथिंबीर निवडत होते, मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी सौमित्र कॉफीचा कप घेऊन पडवीत उभा राहिला आणि बाप लाकडं आणताना बघत राहिला. भावजी एक हात बरगडीवर ठेवून वाकत होते, ते मलाही दिसलं. बंब पेटला, धूर वर गेला. सौमित्र हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आय अ‍ॅम नॉट बीइंग मीन. पण हे मी बघू शकत नाही. सोमवारी माणूस येतोय इन्स्टॉल करायला." भावजींनी ऐकलं आणि 'बरं' म्हणाले. इतक्या पटकन बरं म्हणणारा हा माणूस नव्हे. मला फार वाईट वाटलं.

भावजींच्या दुर्दैवाने तो शनिवार गावाच्या सफाईचा होता. मेच्या पहिल्या शनिवारी त्या राज्यात गावोगावचे लोक हिरव्या पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरतात आणि बर्फाखालून निघालेला हिवाळाभरचा कचरा वेचतात. त्यातून सुटका नाही; आजारी माणूससुद्धा खुर्ची टाकून पिशव्या वाटायला बसतो. आम्ही तिघांनी चौथ्या मोरीपासून सहाव्या मोरीपर्यंतचा कचरा उचलला. दुपारी टाउन हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण, घरोघरून आणलेलं. आणि तिथे, खिडकीजवळच्या बाकाच्या टोकाला, ताटलीत वाफाळते बीन्स घेऊन हार्लन बसला होता. वय एक्याऐंशी, पाठ अजून ताठ.

भावजी म्हणाले, जेवून घेऊ आधी. पण सौमित्र डबा घेऊन निघालासुद्धा.

हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. सौमित्र हार्लनसमोर जाऊन उभा राहिला तसं बोलणं एकेका बाकावरून थांबत गेलं. दुकानवाल्या बाईचा डाव भांड्यावर तसाच राहिला. सहा वर्षांचा अबोला गावात कुणाला माहीत नव्हता? सौमित्रने डबा पुढे केला आणि म्हणाला की तुम्ही रोज माझ्या वडिलांकडे लक्ष ठेवता, त्याबद्दल मी आणि माझी बायको तुमचे फार आभारी आहोत. तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते.

हार्लनने त्याच्याकडे पाहिलं. मग सौमित्रच्या खांद्यावरून, सहा वर्षांत पहिल्यांदा, भावजींकडे पाहिलं. भावजींचं लक्ष ताटलीत.

"हं," हार्लन म्हणाला आणि डबा घेतला.

मला वाटलं, गावाच्या रीतीप्रमाणे म्हातारा चोरून उपकार करतोय. दुसऱ्याचं खोटं झाकून घेतोय. इथे थांबलं असतं तर भागलं असतं. पण सौमित्र मोकळा झाला होता, बोलत सुटला. म्हणाला, आता तुमचीही काळजी कमी होईल. सोमवारपासून घरात सगळं इलेक्ट्रिक. शेगडी नाही, लाकडं नाहीत, आणि तो तांब्याचा बंब तर कायमचा बंद.

हार्लनने काटा खाली ठेवला.

"मग मला कळणार कसं?"

सौमित्रला समजलं नाही. "काय कळणार?"

"तो उठलाय की नाही ते."

"पण तुम्ही तर घरी जाता ना रोज?"

"त्याच्या घरी?" हार्लन म्हणाला. "नाही. सहा वर्षं आम्ही बोलत नाही."

सौमित्रने वळून वडिलांकडे पाहिलं. भावजींनी नजर चुकवली नाही. कान मात्र लाल झाले होते. मी मनात म्हटलं, संपलं. आता प्लेनो.

हार्लन त्याच सुरात पुढे बोलत होता, आणि त्या गावात इतकं लांब बोलताना मी त्याआधी कुणाला ऐकलं नव्हतं, भावजी सोडून. त्याने सांगितलं की त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दरीपलीकडचं ते पत्र्याचं धुराडं दिसतं. त्यानेच बसवलेलं आहे, त्यामुळे कुठे बघायचं ते माहीत आहे. दीपा गेली त्या आठवड्यापासून तो बघतो. साडेसहाला धूर येतो, हिवाळ्यात उजाडता उजाडता दिसतो. बाकीच्या गावाचा उन्हाळ्यात धूर दिसत नाही, याचा बाराही महिने दिसतो, हे सोयीचं आहे. धूर दिसला की मग हार्लन आपली कॉफी ठेवतो. आठपर्यंत दिसला नाही तर निघायचं, असं त्याने ठरवलेलं आहे. एवढ्या वर्षांत जावं लागलं नाही.

"फक्त जानेवारीत एकदा," तो म्हणाला. "अकरा तारीख. सातला काही नाही. साडेसातला काही नाही. आठला पाच कमी असताना माझा एक बूट घालून झाला होता. तेवढ्यात आला. बारीकसा होता. दाट होईपर्यंत मी तसाच खिडकीत उभा राहिलो."

मी भावजींकडे बघत होते, म्हणून खात्रीने सांगू शकते: त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. मुलाला जे खोटं सांगितलं ते आठ वर्षं खरंच होतं, आणि ते सांगणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

सौमित्र माझ्याजवळ येऊन मराठीत बोलला. एरवी तो भावनेचं सगळं इंग्रजीत बोलतो. "दहा तारखेला पडले होते बाबा," तो म्हणाला. "मावशी, मला कळायला तीन आठवडे लागले." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने फोन काढला, सोमवारच्या माणसाला कॅन्सलचा मेसेज टाकला आणि वडिलांना एवढंच बजावलं की लाकडं मात्र आता कुणाकडून तरी पडवीपर्यंत आणून घ्यायची, यावर वाद नको.

भावजींनी वाद घातला नाही. त्यांनी ताटली बाकावर ठेवली, उठले आणि हॉल ओलांडून हार्लनसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता माफी येणार, आजोबांची, रस्त्याची, एकोणिसाव्या स्लाइडची. पण भावजी ते भावजी.

"त्या दिवशी बरगडी दुखत होती," ते म्हणाले. "म्हणून उठायला उशीर झाला."

हार्लनने डबा उचलून बाकावर जागा केली. भावजी बसले.

"पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर कळव," हार्लन म्हणाला. "दुसरा बूट घालायला मला हल्ली वेळ लागतो."